नखांची साक्ष

‘त्याच्या नखाचीही सर नाही’ असं आपण सहज म्हणून जातो. म्हणजे आपल्या लेखी नख ही अगदीच क्षुल्लक वस्तू. वाढलं की कापायचं आणि टाकून द्यायचं. वैद्यकाच्या इतिहासात मात्र या क्षुल्लक वस्तूनं फार मोलाच्या साक्षी दिल्या आहेत. त्यांतल्या काही आज सांगायच्या आहेत.

त्याआधी नख म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. नख केराटिन या कठीण प्रथिनाचं बनतं. केसही त्याचेच. नख स्वतः निर्जीव असतं, म्हणून कापताना दुखत नाही. दुखते ती खालची जिव्हाळी. नख तयार होतं मुळाशी, कातडीच्या घडीखाली. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी दिसणारी पांढुरकी चंद्रकोर हा त्या कारखान्याचा बाहेर डोकावणारा भाग. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर पुढं सरकतं. ते पूर्ण बदलायला सहाएक महिने लागतात. म्हणजे आज आपण जो तुकडा कापून टाकतो, तो काही महिन्यांपूर्वी घडलेला असतो. त्या वेळी शरीरावर जे गुदरलं, त्याची खूण त्यात राहू शकते.

ही खूण प्राचीन ग्रीकांनी ओळखली होती. छातीत पू झालेल्या रोग्याची नखं बाकदार होतात, अशी नोंद हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत आहे. बोटांची टोकं फुगीर आणि नखं पोपटाच्या चोचीसारखी दिसली, की डॉक्टर आजही फुप्फुस आणि हृदय तपासतात. पुढे 1846 साली होनोरे बो या फ्रेंच वैद्यानं आणखी एक गोष्ट मांडली. विषमज्वरासारख्या मोठ्या दुखण्यात नखाची वाढ मंदावते आणि त्यावर आडवी खाच पडते. नख वाढेल तशी ती पुढं सरकते. ती मुळापासून किती दूर गेली हे मोजलं, की दुखणं कधी झालं याचा अंदाज बांधता येतो. या खाचांना आजही बो यांचंच नाव आहे.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती 1900 सालची मँचेस्टरची हकिकत. इंग्लंडच्या या गिरणगावात हातापायांना मुंग्या येणारे, चालता न येणारे, कातडी काळवंडलेले रोगी इस्पितळात येऊ लागले. बहुतेक सारे गरीब, कष्टकरी आणि बिअर पिणारे. डॉक्टरांनी निदान केलं : दारूमुळे नसा गेल्या. म्हणजे दोष रोग्याचाच, विषय संपला.

अर्नेस्ट रेनॉल्ड्स या डॉक्टरला मात्र हे पटेना. व्हिस्कीत बिअरपेक्षा मद्यार्क किती तरी जास्त, मग व्हिस्की पिणाऱ्यांना हा रोग का होत नाही? त्यानं बिअर तपासली आणि तीत आर्सेनिक, म्हणजे सोमल, सापडला. बिअरसाठी लागणारी साखर ज्या गंधकाम्लानं बनवली होती, त्यातच तो होता. सहा हजारांहून अधिक माणसं बाधित झाली, सत्तरच्या आसपास दगावली. 1901 साली लॉर्ड केल्व्हिन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याच वर्षी रेनॉल्ड्सनं अशा रोग्यांच्या नखांवरच्या आडव्या पट्ट्यांचं वर्णन केलं. गंमत अशी, की या पट्ट्यांना नाव मिळालं ते 1919 साली त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या मेस या डच डॉक्टरचं.

सोमल केराटिनला चिकटून राहतो. रक्तातून तो लवकर निघून जातो. नखात मात्र महिनोन्‌महिने सापडतो. म्हणूनच पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात कूपनलिकांच्या पाण्यात सोमल असल्याचं उघड झालं, तेव्हा संशोधकांनी गावकऱ्यांची नखं आणि केसही तपासले.

नखाचा वेग मोजण्यासाठी एका माणसानं अर्धं आयुष्य घालवलं. विल्यम बीन हे अमेरिकी डॉक्टर. त्यांनी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर कानशीनं रेघ ओढून ती पुढं किती सरकते हे पस्तीस वर्षं टिपलं. 1980 साली त्यांनी आपली नोंद प्रसिद्ध केली. बत्तिसाव्या वर्षी रोज 0.123 मिलिमीटर वाढणारं नख सदुसष्टाव्या वर्षी 0.095 वर आलं होतं. म्हातारपण नखालाही चुकत नाही!

आता आपल्यापुरतं. नखावरचे पांढरे ठिपके कॅल्शियमच्या कमतरतेचे, ही समजूत घरोघरी आहे. बहुधा ते मुळाशी बसलेल्या बारीक ठेचेचे असतात. नख चमच्यासारखं खोलगट झालं, तर शरीरात लोह कमी असू शकतं. सावळ्या कातडीच्या माणसांत नखावर काळसर उभी रेघ पुष्कळदा निरुपद्रवी असते; पण ती नव्यानं उमटली, रुंदावत गेली किंवा शेजारच्या कातडीवर पसरली, तर डॉक्टरकडे जायलाच हवं, कारण तो कर्करोग असू शकतो. आणि तपासणीला जाताना नेलपॉलिश पुसून जावं, नाही तर साक्षीदाराचं तोंड आपणच बांधल्यासारखं होतं.

मँचेस्टरच्या त्या कष्टकऱ्यांचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. व्यसनी म्हटलं, की माणसाच्या शब्दाची किंमत संपते. त्यांच्या नखांना मात्र कुणी खोटं पाडू शकलं नाही. रोग्याला बोल लावण्यापूर्वी त्याचा हात हातात घेऊन नीट पाहावा, एवढं तरी या इतिहासातून घेण्यासारखं आहे.