हाताने गुंडाळलेली व्हेपची कॉईल: ती कशी चालते, का बिघडते आणि भारतात तिचं काय?

ज्यांच्या घरी कधी कॉईलची शेगडी होती, त्यांना हे ओळखीचं वाटेल. मातीच्या प्लेटमधल्या खाचेत बसवलेली स्प्रिंग मधेच तुटते. मग घरातलंच कोणीतरी दोन टोकं ओढून एकमेकांत अडकवतं आणि शेगडी पुन्हा लाल होते. पण अशा प्रत्येक जोडणीत तार थोडी आखूड होते, जास्त करंट ओढते आणि बहुतेक वेळा त्याच सांध्यावर परत तुटते.

व्हेपची कॉईल हाताने गुंडाळण्याचे जे रील्स तुमच्या फोनवर येतात, त्यामागे हेच शास्त्र आहे. फरक एवढाच, की शेगडीत घोटाळा झाला तर भिंतीवरचा एमसीबी पडतो. व्हेपच्या काही प्रकारांत असं मध्ये पडणारं काहीच नसतं.

रीबिल्डेबल म्हणजे काय?

ई-सिगारेटचं आजचं रूप चीनमधले फार्मासिस्ट होन लिक यांनी २००३च्या सुमारास तयार केलं. साध्या व्हेपमध्ये कॉईल कारखान्यातून बंद होऊन येते. खराब झाली की फेकायची. रीबिल्डेबल प्रकारात मात्र एक छोटी धातूची चकती असते, तिला डेक म्हणतात. तिच्यावर दोन खांब आणि स्क्रू असतात. वापरणारा स्वतः तार गुंडाळतो, तिची दोन टोकं खांबांत कसतो आणि कॉईलच्या पोकळीतून कापूस ओवतो. कापूस द्रव शोषतो, कॉईल तापते आणि त्या द्रवाचे बारीक थेंब हवेत जातात. लोक त्याला वाफ म्हणतात, पण ती पाण्याची वाफ नव्हे.

तार बहुधा दोन जातींची असते. एक कंथल, म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा मिश्रधातू. दुसरी निक्रोम, म्हणजे निकेल आणि क्रोमियम. शेगडीची स्प्रिंगही निक्रोमची असते किंवा कंथलसारख्याच मिश्रधातूची.

आकडे पाहिले की धोका कळतो

२००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर साधारण ९ अँपिअर करंट घेते. तिच्या तारेचा रोध सुमारे २६ ओहम असतो.

आता ०.४ मिलिमीटर जाडीची कंथल तार घ्या आणि ३ मिलिमीटरच्या दांड्यावर सहा वेढे द्या. पाय धरून तार साडेसात सेंटीमीटरच्या आसपास लागते आणि रोध येतो साधारण ०.८५ ओहम. पूर्ण चार्ज झालेली लिथियम बॅटरी ४.२ व्होल्ट देते, म्हणजे करंट झाला ५ अँपिअर. अशा दोन कॉईल शेजारी लावल्या की रोध निम्मा होतो आणि करंट १० अँपिअरवर जातो. जास्त धूर काढण्याच्या नादात लोक ०.१ ओहमपर्यंत खाली उतरतात. तिथे हिशेब ४२ अँपिअरचा होतो! चार-पाच शेगड्यांइतका करंट, तोही बोटाएवढ्या बॅटरीतून. १८६५० या आकाराच्या चांगल्या बॅटऱ्याही सतत २० ते ३० अँपिअरच्या पलीकडे झेपत नाहीत. वेष्टनावर छापलेला आकडा खरा असेलच असंही नाही.

इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेलं यंत्र रोध मोजतं आणि फारच कमी आढळला तर चालूच होत नाही. ‘मेकॅनिकल मॉड’ नावाच्या प्रकारात सर्किटच नसतं. नुसती धातूची नळी, बॅटरी आणि बटण. अमेरिकेत २०१८मध्ये फ्लोरिडात आणि २०१९मध्ये टेक्सासमध्ये व्हेप फुटून एकेक माणूस दगावला. बॅटरी फुटते तेव्हा ती तोंडाजवळच असते, हे विसरू नका.

बसवताना नेमकं काय चुकतं?

सगळ्यात घातक चूक साधी आहे. तारेचं कापलेलं टोक खांबाबाहेर राहतं आणि वरच्या टोपीला किंवा डेकला टेकतं. झाला शॉर्ट! स्क्रू ढिला राहिला तर उलट घडतं. तार हलते आणि मीटरवर रोधाचा आकडा सारखा वरखाली होतो. आकडा स्थिर नसेल तर आधी स्क्रूकडे पाहायचं, हा शेगडीच्या प्लगलाही लागू पडणारा नियम.

कॉईल कडेला आधी लाल होते आणि मध्यभाग काळाच राहतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. वेढे सारखे बसलेले नसतात किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब असतो. लाल ठिपका दिसतो तिथे तार सगळ्यात जास्त तापते आणि तिथेच कापूस आधी जळतो.

जळका, घशाला झोंबणारा स्वाद येण्याचं कारण बहुतेक वेळा कापूसच असतो. तो ठासून भरला तर द्रव पुढे सरकत नाही, फार कमी भरला तर द्रव गळतो. कोरडी कॉईल तापली की द्रवातलं ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल विघटित होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिनसारखी द्रव्यं तयार होतात. तो स्वाद म्हणजे इशारा आहे, सवय करून घेण्याची गोष्ट नाही.

बांधकामाची जस्ताचा मुलामा असलेली तार यासाठी वापरण्याची कल्पना कोणी सुचवली तर सरळ दुर्लक्ष करा. जस्ताचा धूर फुफ्फुसात जाणं हे वेगळंच आजारपण.

मग कॉईल नीट बसली तर सगळं ठीक का? नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१८मध्ये ५६ व्हेप वापरणाऱ्यांची उपकरणं तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू अगदी कमी होते. तोच द्रव कॉईलवरून गेल्यावर शिसं, निकेल आणि क्रोमियमचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

भारतात हे चालतं का?

भंडारा जिल्ह्यात तंबाखू म्हटलं की आठवते ती विडी, उन्हाळ्यातली तेंदूपत्त्याची तोडणी आणि पन्नीत घोटलेला खर्रा. व्हेप अनेकांनी पाहिला तो मोबाइलच्या पडद्यावरच, आणि त्या व्हिडिओंत कायद्याचा उल्लेख क्वचितच असतो.

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ला अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. निकोटिन नसलं तरी सुटका नाही. आपल्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाचे शब्द उत्पादन आणि विक्रीच्या कलमात आहेत: पूर्ण वस्तू असो वा तिचा कोणताही भाग. म्हणजे डेक किंवा तयार कॉईल सुटी मागवली तरी ती बंदीच्या कक्षेत येते. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

‘ओढणं गुन्हा नाही’ असं सांगणाऱ्या पोस्ट तुम्ही पाहिल्या असतील. त्या यादीत ओढणं नाही, हे खरं. पण हातात वस्तू येणार कशी? कोणीतरी ती बनवलेली, आणलेली किंवा विकलेली असणारच. इंग्लंडमध्ये व्हेप वैध आहे आणि १ जून २०२५पासून तिथे फक्त एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आली. तिथल्या भाच्याने सुट्टीला येताना बॅगेत व्हेप टाकून आणला, तर नागपूर विमानतळावर ती आयात ठरते.

तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे. विडी आणि खर्ऱ्यासाठीही तो चालतो.

राहता राहिली बॅटरी. १८६५० हीच बॅटरी टॉर्चमध्ये आणि पॉवर बँकमध्येही असते, त्यामुळे व्हेपशी संबंध नसलेल्यांनीही हे वाचावं. तिचा बाहेरचा पत्रा वरच्या काठापर्यंत ऋण टोकच असतो. धन टोक आणि तो पत्रा यांच्यात फक्त एक गोल चकती आणि पातळ प्लास्टिकचं वेष्टन असतं. वेष्टन फाटलं असेल किंवा बॅटरी किल्ल्यांसोबत खिशात सुटी ठेवली असेल, तर कॉईल नसतानाही शॉर्ट होतो. फाटक्या वेष्टनाची बॅटरी वापरू नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचऱ्यात द्या. घरच्या कचऱ्याच्या डब्यात किंवा चुलीत टाकू नका.