धमकी न देता घातलेला धाक

मी शाळेत उर्दू आणि मराठी, दोन्ही भाषा शिकवते. भीती घालण्याचे शब्द दोन्हीकडे भरपूर आहेत, आणि त्यातले बरेच दोघींचे सामाईक आहेत. मराठीतली ‘जरब’ म्हणजे अरबीतली ‘ज़र्ब’, म्हणजे घाव. नाण्यावर टांकसाळीत उमटवलेल्या ठशालाही ज़र्बच म्हणत. ‘दहशत’ अरबीत मुळात चकित होणे, भांबावून जाणे. फारसी-उर्दूतून मराठीत येईपर्यंत तिची निव्वळ भीती झाली. धमकी आणि धाक हे आपले देशी शब्द. त्यांतला फरक मुलांना मी असा सांगते : धमकी ‘देतात’, धाक ‘बसतो’. धमकीला तोंड लागते, धाकाला लागत नाही.

कायद्याला मात्र हा फरक सांभाळावा लागतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे उर्दू भाषांतर ‘ताज़ीराते हिंद’ या नावाने झाले. त्या कामात डेप्युटी नज़ीर अहमद होते, ज्यांची ‘मिरातुल उरूस’ ही कादंबरी उर्दू शिकलेल्यांना ठाऊक असते. कलम ५०३ मधल्या गुन्ह्याला उर्दू कायद्याच्या भाषेत ‘तख़वीफ़े मुजरिमाना’ म्हणतात. ख़ौफ़पासून तख़वीफ़, म्हणजे भय घालणे. मराठीत तोच गुन्हा ‘फौजदारीपात्र धाकदपटशा’ झाला. शब्द लांबलचक आहे, पण ‘५०६ लावले’ असे म्हटले की नाशिकच्या कोणत्याही मोहल्ल्यात अर्थ कळतो. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता आली आणि हा गुन्हा कलम ३५१ मध्ये गेला. व्याख्या जवळजवळ तीच राहिली.

ती व्याख्या साध्या शब्दांत अशी : एखाद्याच्या शरीराला, अब्रूला किंवा मालमत्तेला इजा करण्याची धमकी द्यायची, आणि ती त्याला घाबरवण्यासाठी, किंवा त्याच्यावर बंधनकारक नसलेले काम करून घेण्यासाठी, किंवा त्याचा हक्क त्याला बजावू न देण्यासाठी. वाचताना वाटते, सगळे यात आले. पण खरी मेख ‘इजा’ या शब्दात आहे. कायद्याच्या लेखी इजा म्हणजे ‘बेकायदेशीरपणे’ केलेले नुकसान. ‘तुझे घर जाळीन’ हा गुन्हा, कारण घर जाळणे बेकायदेशीर आहे. पण ‘उद्यापासून तुला माझ्या दुकानातून किराणा नाही, माझ्या शेतावर काम नाही’ असे म्हटले तर? माल कोणाला विकायचा, काम कोणाला द्यायचे, हे दुकानदाराने आणि शेतमालकाने ठरवायचे. मग ऐकणाऱ्याच्या घरी चूल पेटली नाही तरी ५०३ च्या चौकटीत ते बसवणे कठीण.

ही फट किती मोठी आहे, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे मुख्य संघटक. मंदिराचे दरवाजे बंद झाले, बाहेर पोलीस उभे राहिले. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. ते सगळ्यांना दिसले. पण गावोगावी जे घडले ते फारसे कोणाला दिसले नाही. सत्याग्रहाचा राग जिल्ह्यातल्या अस्पृश्य वस्त्यांवर निघाला. मुलांना शाळा बंद झाल्या, रस्ते बंद झाले, दुकानांत गरजेच्या वस्तू मिळेनाशा झाल्या. काठी न उगारता माणसाला त्याच्या हक्कापासून मागे ओढायचे, यालाच धाक म्हणतात.

बाबासाहेब वकील होते. ही फट त्यांनी नेमकी ओळखली. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. तिथे त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी दलितांच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तिच्यात बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा असावा अशी मागणी होती. बहिष्कार टाकणे, त्याला चिथावणी देणे आणि बहिष्काराची धमकी देणे, तिन्ही गुन्हे. नमुना म्हणून त्यांनी ब्रह्मदेशचा १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा घेतला होता.

मुस्लिम वाचकांना हे ओळखीचे वाटायला हवे. मक्केत कुरैशांनी बनू हाशिमविरुद्ध करार लिहून काबागृहात ठेवला होता : यांच्याशी सोयरीक नाही, खरेदी-विक्री नाही. प्रेषित मुहम्मद (स.) आणि त्यांच्या कुळाने शिअबे अबी तालिबमध्ये सुमारे तीन वर्षे उपासमारीत काढली. करारात ‘मारू’ असा शब्द नव्हता. त्याची गरजच नव्हती.

बाबासाहेबांची मागणी आपल्याकडे तुकड्यातुकड्यांनी पुरी झाली. १९४९ मध्ये मुंबई राज्याने वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला. तो दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या खटल्यात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. २०१३ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समितीची जातपंचायतींविरुद्धची मोहीम नाशिकमधूनच उभी राहिली. त्यातून महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला आणि जुलै २०१७ मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दलित-आदिवासींसाठी अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही जानेवारी २०१६ पासून सामाजिक वा आर्थिक बहिष्कार, आणि त्याची धमकीसुद्धा, गुन्हा ठरली.

तरीही एक तुकडा राहिलाच. २०१६ चा राज्य कायदा एकाच समाजातल्या माणसांपुरता आहे. जमातीने आपल्याच माणसाला वाळीत टाकले तर तो लागू होतो. एका समाजाने दुसऱ्याशी व्यवहार तोडायचे ठरवले, तर होत नाही. ‘त्यांच्याकडून फळे घेऊ नका, त्यांना घर भाड्याने देऊ नका’ असे आवाहन झाले की फळाच्या गाडीवाल्याला कोणी हातही लावत नाही. पण तो दुसऱ्या दिवशी गाडी लावायची की नाही याचा विचार करत बसतो. त्या विचाराचे नाव धाक.

म्हणून माझे म्हणणे दोन बाजूंनी आहे. आपल्याविरुद्धच्या बहिष्काराला आपण धाकदपटशा म्हणत असू, तर जमातीच्या बैठकीत कोणाचे हुक्का-पाणी बंद करण्याचा विषय निघाल्यावर तोच शब्द उच्चारण्याची हिंमत आपल्यात हवी. घरातल्या धाकाला ‘शिस्त’ आणि बाहेरच्या धाकाला ‘जुलूम’ म्हणायचे, हे चालणार नाही.

मक्केतला तो करार अखेर मोडला, तेव्हा तो चुकीचा आहे असे उघड म्हणणारे मुतइम बिन अदी, हिशाम बिन अम्र यांच्यासारखे लोक कुरैशांमधलेच होते. त्यांनी त्या वेळी इस्लामही स्वीकारलेला नव्हता. ज्यांच्यावर बहिष्कार होता त्यांच्याइतकीच जबाबदारी बहिष्कार टाकणाऱ्यांत बसलेल्या माणसाची असते, हे त्यांनी ओळखले होते. कायद्यातली फट बुजेल तेव्हा बुजेल. तोवर हे काम दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या आणि जमातीच्या बैठकीत बसलेल्या माणसाकडेच आहे.