भात, भाकरी आणि मन
कावेरीकाठच्या आहाराचा थोडासा इतिहास



'भात सोडला की वजन उतरते हे खरे, पण माणूस चिडका होतो का?' हा प्रश्न अलीकडे आपल्या मंडळातील तरुणांकडून आणि दुकानातील तमिळ सहकाऱ्यांकडूनही वारंवार ऐकू येतो. गेल्या दशकात तमिळनाडूत 'पॅलिओ' आहाराची मोठी लाट आली. नियांडर सेल्वन या नावाने लिहिणाऱ्या तमिळ लेखकामुळे हा आहार घरोघरी माहीत झाला. सकाळी इडलीऐवजी शंभर बदाम, दुपारी भाताऐवजी अंडी, मटण किंवा पनीर आणि भाज्या, साखर-गूळ पूर्ण बंद, असे त्याचे साधारण रूप. कुंभकोणमसारख्या भाताच्या कोठारात बसून भात सोडायचा म्हणजे मोठेच धाडस! पण हा विषय केवळ वजनकाट्याचा नाही. अन्नाचा मनाशी काय संबंध आहे, याचा विचार याच प्रांतात आणि आपल्या पूर्वजांच्या राज्यातही झालेला आहे. त्याची थोडी ओळख करून द्यावी, म्हणून हा लेख.

भाकरीच्या देशातून भाताच्या देशात

व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला मराठ्यांचे राज्य स्थापन केले. त्यांच्याबरोबर व त्यांच्यामागून शिपाई, कारकून, शास्त्री, कीर्तनकार अशी शेकडो कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात आली. ज्वारी-बाजरीच्या मुलखातील ही माणसे भाताच्या मुलखात रुजली. आपल्या या कुंभकोणमातच १८२८ साली जन्मलेले राजा सर टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. भाकरी सुटली तरी डाळीचे पीठ सुटले नाही. तंजावर मराठी घरांतले डांगर, रसवांगी, आणि पिठल्याचे नाव सांगणारी 'पिटलै' आज तमिळ घरांतही केली जाते. म्हणजे नव्या देशात येऊन आपल्या लोकांनी भात घेतला, पण त्याच्या शेजारी डाळ, ताक, भाजी यांची जागा राखून ठेवली. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

आपल्यापैकी बहुतेक घरांचे स्थलांतर त्यानंतरचे. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी तालुक्यांतून सोन्या-चांदीच्या गलाईच्या कामासाठी आपले आजे-पणजे दक्षिणेत उतरले. माझ्या आजीने शेवटपर्यंत ज्वारीचे पीठ गावाहून आणवले. आमच्या पिढीत भाकरी सणावाराची झाली आणि भात तीनदा पानात आला. इडली, डोसा हेही तांदळाचेच, हे आपण मोजतच नाही!

दीपाबाईंच्या आश्रयातील अन्नशास्त्र

व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला रघुनाथ नवहस्त नावाचे महाराष्ट्रीय पंडित होते. समर्थ रामदासांशी त्यांचा स्नेह होता. त्यांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. धान्ये, डाळी, भाज्या, दूध, दही, पक्वान्ने यांचे गुणदोष त्यात आयुर्वेदाच्या आधारे सांगितले आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील विद्वान प. कृ. गोडे यांनी विसाव्या शतकात या ग्रंथकाराचा परिचय अभ्यासकांना करून दिला. पुढे सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळात मुदपाकखान्यातील पाककृतींचीही नोंद झाली. ती 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने सरस्वती महाल ग्रंथालयाने छापली आहे. त्यांच्या धन्वंतरी महालात वैद्यकाचा वेगळा अभ्यास चालत असे.

या सर्वांच्या मुळाशी जो आयुर्वेद आहे, त्यात एक मार्मिक विचार आहे. चरकसंहिता सांगते की अन्न पथ्याचे असले आणि मापात खाल्ले, तरी चिंता, शोक, भय किंवा क्रोध मनात असेल तर ते पचत नाही. आज आपण विचारतो, अन्नाने मन बिघडते का? आपले पूर्वज उलट बाजूनेही विचारत होते, मनाने अन्न बिघडते का? दोन्ही प्रश्न एकत्र धरले तरच उत्तर सापडते.

कुन्नूरचे उंदीर

आता आपल्याच राज्यातील निलगिरीत जाऊ. कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन या लष्करी डॉक्टरांनी बेरीबेरी रोगाचे संशोधन सुरू केले. तीच संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. मॅककॅरिसन यांनी हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांचे जेवण उंदरांच्या गटांना घातले आणि त्यांचे वजन केले. शीख पद्धतीच्या जेवणावर सरासरी २३५ ग्रॅम, मराठा जेवणावर २२५ ग्रॅम आणि मद्रासी जेवणावर अवघे १५५ ग्रॅम असा निकाल आला.

हे वाचून आपण मिशांना पीळ देण्याचे कारण नाही. 'लढवय्या जाती'ची कल्पना त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोक्यात पक्की होती, आणि उंदरांच्या वजनावरून माणसांची प्रत ठरत नाही. शिवाय मद्रासी जेवण कमी पडले ते त्यात भात होता एवढ्यामुळे नव्हे. तांदूळ गिरणीत पॉलिश केलेला होता आणि त्याच्या सोबतीला दूध व ताजी भाजी फार थोडी होती.

मनाच्या दृष्टीने त्यांचा दुसरा प्रयोग अधिक बोलका आहे. उंदरांच्या एका गटाला त्यांनी पोळी, डाळ, दूध, लोणी, कच्च्या भाज्या असे शीख जेवण दिले. दुसऱ्या गटाला इंग्लंडमधील गरीब वर्गाचे जेवण दिले, म्हणजे पांढरा पाव, मार्गरिन, साखरेचा चहा, उकडलेल्या भाज्या आणि डबाबंद मांस. पहिला गट गुण्यागोविंदाने राहिला. दुसऱ्या गटातील उंदीर खुरटले, चिडखोर झाले, सांभाळणाऱ्यांना चावू लागले आणि साठाव्या दिवसाच्या सुमारास आपल्यातील दुबळ्यांना मारून खाऊ लागले. १९३६ साली लंडनमधील व्याख्यानांत मॅककॅरिसन यांनी हे सांगितले. दोन्ही जेवणांत पिष्टमय पदार्थ भरपूर होते हे लक्षात घ्यावे. पोळीच्या गटाचे स्वास्थ्य टिकले, पांढऱ्या पावाच्या गटाचे गेले.

बेरीबेरीचीही तीच कथा. तांदळाच्या कोंड्यात थायमिन हे जीवनसत्त्व असते. पॉलिशमध्ये ते निघून जाते, मग नसा दुबळ्या होतात, भूक मरते, माणूस थकलेला आणि चिडचिडा होतो. हा रोग मद्रास इलाख्यात मुख्यतः उत्तरेकडील आंध्र किनाऱ्यावर होता, कारण तेथे कच्चा तांदूळ सडून खात. तमिळ शेतकरी उकडा तांदूळ खात. भात सालासकट उकडला की थायमिन दाण्याच्या आत मुरते. कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय कावेरीकाठच्या बायकांनी आपली घरे वाचवली होती!

कुंभकोणमचा एक मुलगा परदेशात

अन्न आणि मन यांची सर्वांत हृदयस्पर्शी कहाणी तर आपल्या गावचीच. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण सारंगपाणी संनिधी रस्त्यावरील लहानशा घरात गेले. १९१४ च्या मार्चमध्ये ते मद्रासहून बोटीने निघाले आणि केंब्रिजला पोहोचले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. कडक शाकाहारी असलेले रामानुजन खोलीत स्वतः रांधत. युद्धामुळे भाज्या, दूध यांची टंचाई झाली. कामात बुडालेला माणूस अवेळी रांधणार, कधी रांधणारच नाही. एकदा त्यांनी पाहुण्यांना जेवायला बोलावले. तिसऱ्यांदा रसम् वाढू लागताच पाहुण्या बाईंनी नको म्हटले. रामानुजन उठून गेले ते थेट ऑक्सफर्डला, आणि काही दिवस परतलेच नाहीत. आपण वाढलेले नाकारले गेले, हा घाव त्यांना सोसला नाही.

१९१७ मध्ये ते आजारी पडले. १९१८ च्या आरंभी लंडनच्या भुयारी रेल्वेच्या रुळांवर त्यांनी स्वतःला झोकून दिले. गाडी थांबवली गेली म्हणून प्राण वाचले. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. मॅटलॉकच्या आरोग्यधामात त्यांना भेटून आलेले रामलिंगम या अभियंता मित्राने प्रा. हार्डी यांना त्यांच्या जेवणाच्या हालांविषयी लांबलचक पत्र लिहिले. १९१९ मध्ये रामानुजन परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासला वारले. त्यांच्या दुःखाला आजार होता, थंडी होती, एकटेपण होते. पण ओळखीचे अन्न आणि सोबतीला बसणारे माणूस, या दोन गोष्टी एकदमच तुटल्या होत्या, हे कोणीही परगावी राहणारा चटकन ओळखेल.

आजचे शास्त्र काय सांगते?

पिष्टमय पदार्थ कमी करण्याची कल्पना जुनी आहे. लंडनचे विल्यम बँटिंग यांनी १८६३ साली पाव, साखर, बिअर, बटाटे सोडून वर्षभरात सुमारे २१ किलो वजन उतरवले आणि शरीर व मन दोन्ही ताजे झाल्याचे पुस्तिका छापून सांगितले. अश्मयुगीन माणसाच्या आहाराचा विचार ईटन आणि कॉनर या अमेरिकन अभ्यासकांनी १९८५ मध्ये मांडला, आणि लॉरेन कॉर्डेन यांच्या २००२ च्या पुस्तकाने 'पॅलिओ' हा शब्द रूढ केला. (अश्मयुगात पनीर कोणी बनवले, हे मात्र विचारू नये!)

मनाविषयी थेट प्रयोगही झाले. ऑस्ट्रेलियात १०६ स्थूल माणसांना वर्षभर दोन आहार दिले, एकात पिष्ट अगदी कमी, दुसऱ्यात स्निग्ध कमी. त्याचा निकाल २००९ मध्ये आला. वजन दोन्हींत सारखेच उतरले. पहिल्या ८ आठवड्यांत मन दोन्ही गटांचे सुधारले. पुढे स्निग्ध कमी घेणाऱ्यांचा उत्साह टिकला, पिष्ट कमी घेणाऱ्यांचा मात्र पूर्वपदावर आला. त्याच संशोधकांनी नंतर मधुमेही लोकांवर असाच प्रयोग केला आणि २०१६ मध्ये सांगितले की वर्षभरात दोन्ही गटांचे मन सारखेच सुधारले. म्हणजे भात सोडल्याने माणूस उदास होतोच असे नाही, आणि आनंदी होतोच असेही नाही.

सुरुवातीचे काही दिवस मात्र जड जातात. शरीरातील साठवलेले पिष्ट संपते, त्याबरोबर पाणी आणि मीठ निघून जाते. डोके दुखते, थकवा येतो, बारीकसारीक गोष्टींवर राग येतो. मला मधुमेह निघाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी भात एका वाटीवर आणला, तेव्हा पहिला आठवडा घरच्यांनी मला फार सांभाळून घेतले. नंतर दुपारची ती जड सुस्ती गेली आणि साखरही उतरली.

साखर उतरणे ही आपल्यासाठी लहान गोष्ट नाही. २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. चेन्नईच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवले की आपल्या जेवणातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. त्यांचा आणखी एक निष्कर्ष आपल्या ज्वारीच्या अभिमानाला चिमटा काढणारा आहे. पांढऱ्या तांदळाच्या जागी तेवढेच भरडधान्याचे पीठ आणून भागत नाही. एकूण पिष्ट थोडे कमी करून त्या जागी डाळी, दूध-दही यांतील प्रथिने आणली, तरच मधुमेहाचा धोका घटतो. म्हणजे भात किंवा भाकरी लहान आणि आमटीची वाटी मोठी! आपल्या तंजावरच्या पूर्वजांनी पिठले आणि डांगर सोबत आणले, त्याचे मोल येथे कळते.

शेवटी दोन शब्द

माझ्या तरुण मित्रांना एवढेच सांगणे की पॅलिओ करायचा तर जरूर करा, पण इन्शुलिन, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही नको. पूर्वीच्याच मात्रेत गोळ्या घेऊन भात बंद केला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आठवड्यामागून आठवडे मन खिन्न राहिले, झोप उडाली, तर तेही डॉक्टरांना सांगा. ते मनाचे दुबळेपण नव्हे.

दुसरे म्हणजे डबा बदलला तरी पंगत सोडू नका. आमच्या बाजारात एका सहकाऱ्याने नवा आहार धरल्यापासून लाजेखातर एकटेच जेवायला सुरुवात केली होती. वजन उतरले, पण हसणेही उतरले. शेवटी बाकीच्यांनी त्याला अंडी-भाजीच्या डब्यासकट ओढून आपल्यात बसवले. आता त्याचे वजनही ताब्यात आहे आणि दुपारच्या गप्पाही पूर्ववत आहेत. आणि वाढणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की आग्रह प्रेमाचा असावा, पण कोणी हात आडवा धरला तर तो अपमान नसतो. केंब्रिजच्या त्या रसम् च्या वाटीने आपल्याला तेवढे तरी शिकवावे.

सर्वांना उत्तम आरोग्य आणि प्रसन्न मन लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!