पिकअपचा अल्टरनेटर घरी बदलताना

पूर्णा तालुक्यातील (जि. परभणी) ताडकळससारख्या गावांतून शेतमाल बाजारपेठेत नेण्यासाठी पिकअप वाहनांचा मोठा आधार असतो. या वाहनाचा अल्टरनेटर, म्हणजेच बोलीभाषेतील 'डायनामो', निकामी झाल्यास बॅटरी चार्ज होत नाही, दिवे मंदावतात आणि एकदा बंद केलेले वाहन पुन्हा सुरू होत नाही.

निदान : इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे 12.6 व्होल्ट असतो. इंजिन चालू होताच तो साधारण 13.8 ते 14.4 व्होल्टपर्यंत जावयास हवा. तसे न झाल्यास प्रथम बेल्टचा ताण व वायरची जोडणी तपासावी. दोष नेहमी अल्टरनेटरचाच असतो असे नाही.

कृती : सर्वप्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. अल्टरनेटरच्या जाड तारेत इंजिन बंद असतानाही वीजप्रवाह असतो; पाना इंजिनाला टेकल्यास ठिणगी उडते. त्यानंतर बेल्ट सैल करून वायर व बोल्ट काढावेत. नवा अल्टरनेटर त्याच अँपिअरचा व तशाच पुलीचा असावा. जोडणी पूर्ण झाल्यावर ऋण तार शेवटी लावावी.

दक्षता : अनेक डिझेल पिकअपमध्ये अल्टरनेटरच्या पाठीमागे व्हॅक्यूम पंप असतो. ब्रेकला साह्य करणारी निर्वात पोकळी हाच पंप निर्माण करतो. त्याची नळी सैल राहिल्यास ब्रेक पेडल कडक होते, तर ऑइलची नळी गळल्यास इंजिनाला धोका संभवतो. म्हणून इंजिन सुरू करून गळती व ब्रेक तपासल्याखेरीज माल भरू नये.