शिराळ्याच्या घरांतली जमीन

शिराळा परिसरातल्या जुन्या माडीच्या घरांत लाकूड पायाखाली असे, पण वरून दिसत नसे. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या असा कडीपाट. त्यावर मातीचा जाड थर आणि शेणाचे सारवण. तळमजल्याची जमीन मुरूम-मातीची, चोपण्याने चोपून घट्ट केलेली.

फरशी नंतर आली. कर्नाटकातल्या शहाबाद भागातला चुनखडीचा दगड रेल्वेने दूरवर पोचला. मुंबईत १९२२ साली स्थापन झालेल्या भारत टाइल्सने सिमेंटच्या रंगीत लाद्या देशातच बनवल्या. दर काही दिवसांनी सारवण्याचे कष्ट बायकांच्या वाट्याचे कमी झाले, हा फरशीचा खरा लाभ, रंगरूप त्यानंतरचे.

आता त्याच फरशीवर लाकडी जमीन बसवली जाते. पुष्कळदा ती लॅमिनेटची असते: दाबलेल्या लाकूडतंतूंच्या पाटीवर लाकडाचे छापील चित्र. फरशी उखडावी लागत नाही, ही मोठी सोय. मात्र डुगडुगणारी फरशी आधी पक्की करावी लागते आणि भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटर फट सोडावी लागते, कारण पावसाळी हवेत पाट्या फुगतात. जमीन सेंटिमीटरभर उचलली जाते, मग दारे खालून रंधावी लागतात.

जुन्या जोत्यात ओल अडवणारा थर सहसा नसतो. ओल फरशीच्या सांध्यांतून वर येते. त्यासाठी खाली प्लास्टिकचा कागद अंथरतात. त्याने पाट्या वाचतात, ओल जात नाही; ती भिंतींकडे सरकते. चांदोलीकडच्या पावसाळी पट्ट्यात असे काम तळमजल्यापेक्षा माडीवर अधिक टिकते.