बॉस्टन, १८४५ : तीस टक्क्यांचा अर्थ काय?

१/ १८४५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या शाळासमितीचे सदस्य छापील प्रश्नपत्रिका घेऊन शाळाशाळांतून फिरले. प्रश्न आधी कोणालाही कळू दिले नव्हते. प्रत्येक विषयाला एक तास, सर्व शाळांना तेच प्रश्न, उत्तरे लेखी. तोवर वार्षिक परीक्षा म्हणजे पाहुण्यांसमोर मुलांनी पाठ केलेले घडाघडा म्हणून दाखवणे.

२/ या कल्पनेमागे मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव होरेस मान आणि त्यांचे स्नेही, समितीचे सदस्य सॅम्युएल हाउ हे होते. मान यांचे बॉस्टनच्या मुख्याध्यापकांशी आधीच कडाक्याचे भांडण जुंपले होते. परीक्षेला बसलेल्या मुलांना मात्र याची कितपत कल्पना असणार!

३/ वरच्या वर्गातील सुमारे ५३० विद्यार्थी. अपेक्षित उत्तरे ५७,८७३. बरोबर आली १७,२१६, म्हणजे जेमतेम तीस टक्के. विरामचिन्हांच्या चुकाही मोजल्या गेल्या : ३५,९४७. हे सारे हाताने मोजणाऱ्यांच्या चिकाटीला दाद द्यावी लागेल.

४/ आकड्यांपेक्षा उत्तरपत्रिका अधिक बोलक्या होत्या. अमेरिकेने घातलेल्या व्यापारबंदीचा काळ अनेकांना सांगता आला; व्यापारबंदी म्हणजे काय, हे फार थोड्यांना. पाठांतराचा दोष असा कागदावर उमटला. शाळांचे तुलनात्मक तक्ते छापले गेले आणि काही मुख्याध्यापकांना पद गमवावे लागले.

५/ पण तीस टक्के कमी कशाच्या तुलनेत? पूर्वीची अशी परीक्षाच नव्हती. शिवाय प्रश्न निवडणारे शाळांचे टीकाकार होते. तुलनेला आधार मिळाला तो थेट १९१९ मध्ये. कॉल्डवेल आणि कोर्टिस या अभ्यासकांनी यांतील काही प्रश्न आठवीच्या मुलांना पुन्हा घातले. निव्वळ स्मरणाच्या प्रश्नांत नवी पिढी मागे पडली, अर्थ समजण्याच्या प्रश्नांत पुढे गेली. एकाच सरासरीत या दोन्ही गोष्टी दिसल्या नसत्या.

६/ १८४५ च्या तक्त्यात तळाशी होती स्मिथ स्कूल, कृष्णवर्णीय मुलांची स्वतंत्र शाळा. हा आकडा त्या मुलांच्या बुद्धीचे माप म्हणून वाचणारे तेव्हा कमी नव्हते. समितीच्या अहवालाने मात्र बोट मुख्याध्यापकाकडे दाखवले : मुलांच्या कुवतीवर त्याचा विश्वासच नव्हता. पालकांनी तर परीक्षेच्या वर्षभर आधीच त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती. तेव्हा त्यांच्या हाती कोणताही तक्ता नव्हता. वेगळ्या शाळाच नकोत, ही त्यांची मागणी मान्य होऊन मॅसॅच्युसेट्समध्ये कायदा झाला, तो १८५५ मध्ये. परीक्षेला बसलेली ती मुले तोवर शाळेच्या वयापलीकडे गेली होती.