चहाच्या डब्याचे कुलूप

चहाची पूड कशी साठवावी, हा प्रश्न साहित्याच्या वा इतिहासाच्या अभ्यासकापुढे सहसा येत नाही. तो स्वयंपाकघराचा मानला जातो. परंतु घरातील एखादी वस्तू कशापासून आणि कोणापासून झाकून ठेवली जाते, याचा शोध घेतला तर त्या घराच्या रचनेविषयी बरेच काही हाती लागते, असे आम्हांस वाटते.

इंग्रजीत चहाच्या डब्याला ‘कॅडी’ म्हणतात. हा शब्द मलय भाषेतील ‘कटी’ या वजनाच्या नावावरून आला; एक कटी म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम. आपल्याकडे ‘पायली’ हे मापाचे आणि मापण्याच्या भांड्याचेही नाव आहे, तसेच हे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली. तिच्या विवाहकरारानेच मुंबई इंग्रजांना मिळाली आणि तिच्या आवडीमुळे इंग्लंडच्या दरबारात चहाला प्रतिष्ठा लाभली. अठराव्या शतकातील श्रीमंत घरांत चहासाठी लाकडी, चांदीच्या, कासवाच्या पाठीच्या पेट्या आल्या. त्यांत हिरव्या आणि काळ्या चहाचे कप्पे वेगळे असत. पेटीला कुलूप असे आणि किल्ली मालकिणीपाशी.

हे कुलूप हवेसाठी नव्हते. चहावरील करच जबर होता, आणि पेटीची खरी भीती नोकरांची होती. जोनाथन स्विफ्टच्या मृत्यूच्या वर्षी, १७४५ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या ‘डिरेक्शन्स टु सर्व्हंट्स’ या उपरोधिक पुस्तकात या कुलुपांवर टीका आहे: त्यांच्यामुळे दासीला मालकांनी वापरलेल्या, सत्त्व गेलेल्या पत्तीवरच पुन्हा पाणी ओतावे लागते. १७८४ च्या कायद्याने हा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला. १८३९ मध्ये आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला. चहा जसजसा स्वस्त झाला, तसतशी कुलुपाची गरज ओसरली. झाकणाची मात्र राहिली.

कारण चहाची पत्ती हवेतील ओलावा आणि आसपासचा वास झपाट्याने शोषून घेते. उजेड, उष्णता आणि हवा यांनी तिचा सुगंध उडतो. म्हणून घट्ट झाकणाचा अपारदर्शक डबा, कोरडा चमचा, आणि शेगडी व हिंगाच्या डबीपासून दूरची फळी, हे आपल्या घरांतील जुने नियम शास्त्राला धरून आहेत. फ्रिजमध्ये पूड ठेवू नये. बाहेर काढताच तिला दमटपणा धरतो. वास शोषण्याचा हा दोषच चीनमध्ये गुण ठरला. तेथे मोगऱ्याच्या जातीच्या फुलांत पत्ती मिसळून ठेवून तिला सुगंधित करतात. आपल्या आज्या सोललेल्या वेलदोड्यांची साले चहाच्या डब्यात टाकीत, त्यामागचे तत्त्व हेच.

आमच्यापैकी एकीच्या आजोळी, कोकणात, चहाच्या पत्र्याच्या डब्याला कुलूप कधीच नव्हते. पावसाळ्यात तो चुलीपासून अंतर राखून, पण कोरड्या फळीवर असे. चहा गड्यांनाही मिळे, आणि तोही त्याच डब्यातला. मात्र त्यांच्या कपबश्या पडवीच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या असत आणि त्या ज्याच्या त्यानेच धुवायच्या असत. लहानपणी आम्हांस त्यात काही वावगे दिसले नाही. इंग्लंडातील कुलूप निदान उघड दिसत होते, म्हणून स्विफ्टला त्यावर लिहिता आले. कोनाड्यातील त्या कपांविषयी आमच्या घरात कोणी काही बोलल्याचे आम्हांस आठवत नाही.